१५ ऑक्टोबरला मुलांना कलामांचं नेमकं काय सांगावं?

नेरुळची_अश्विनी

आमच्या सोसायटीत (नेरुळ पश्चिम) १५ ऑक्टोबरच्या जवळच्या रविवारी वाचन प्रेरणा दिन होतो. २०१५ पासून राज्य सरकार डॉ. कलामांचा वाढदिवस या नावाने साजरा करतं. शाळांमध्ये होतो तसाच आमच्या क्लब हाऊसमध्येही. यंदा कार्यक्रम माझ्याकडे आलाय. आठ ते चौदा वयाची मुलं असतील, आणि तासभर वेळ.

गेल्या वर्षी चार मुलांनी भाषणं केली आणि चारही भाषणं जवळपास एकच होती. रामेश्वरममध्ये जन्म, लहानपणी पेपर टाकले, मिसाईल मॅन झाले, राष्ट्रपती झाले, मग स्वप्नांवरचं ते प्रसिद्ध वाक्य, टाळ्या, वेफर्स. मुलांचा दोष नाही, आपणच त्यांना तेवढं देतो. पण पेपर टाकणारा मुलगा आणि राष्ट्रपती भवन यांच्या मधली साठेक वर्षं कुठे गेली? मला वाटतं खरा माणूस तिथेच आहे. रोज प्रयोगशाळेत जाणारा, अडणारा, ज्याला कुणीतरी सांभाळून घेतलं आणि ज्याने पुढे इतरांना सांभाळलं.

तुम्हाला पंधरा मिनिटं आणि एकच प्रसंग मिळाला, तर कुठला सांगाल? आणि का?

वाशीचा_जुना_पूल

पेपरचाच सांगा, पण पूर्ण सांगा. दुसरं महायुद्ध सुरू झालं, रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली आणि पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकायला लागले. वाटपाचं काम चुलतभाऊ समसुद्दीनकडे होतं, त्याला गठ्ठे झेलायला माणूस हवा होता. आठ वर्षांचा मुलगा चालत्या गाडीतून पडणारे गठ्ठे गोळा करतोय, हे दृश्य मुलं विसरणार नाहीत. आपली मुलं रोज ट्रान्स-हार्बरने जातात, त्यांना गाडीचा वेग माहीत आहे.

मीनल_घोडबंदर

+१. चिंचोकेही सांगा. युद्धात चिंचोक्यांना अचानक मागणी आली, ते गोळा करून दुकानात विकले की दिवसाला एक आणा मिळायचा.

घणसोली_सेक्टर_नऊ

थोडा वेगळा सूर लावतो. 'गरीब घरातला मुलगा' ही गोष्ट आपण फार ताणतो. त्यांच्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतः लिहिलंय की मशिदीच्या गल्लीतलं घर बऱ्यापैकी मोठं आणि पक्कं होतं, वडिलांची होडी होती, नारळाची छोटी बाग होती, आणि बालपण सर्व अर्थांनी सुरक्षित गेलं. चैन नव्हती, पण खायची भ्रांतही नव्हती. पोराला वाढवणारं भक्कम घर होतं, हे का लपवायचं?

दुसरं म्हणजे त्यांना सरसकट 'शास्त्रज्ञ' म्हणतात. शिक्षणाने ते एअरोनॉटिकल इंजिनिअर. त्यांची ताकद एखाद्या शोधात नव्हती, शेकडो लोकांना एका यंत्रावर काम करायला लावण्यात होती. मी स्वतः प्रोजेक्ट्समध्ये काम करतो म्हणून सांगतो, हे काम मुलांना कुणी समजावत नाही आणि ते फार मोठं काम आहे.

मीनल_घोडबंदर

घर पक्कं होतं हे मान्य. पण एमआयटीत, म्हणजे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, प्रवेश मिळाला तेव्हा लागणारे हजार रुपये घरात नव्हते. बहीण जोहराने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. आपल्या कमाईतूनच ते दागिने सोडवायचे, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. माझ्या मुलीला मी हाच प्रसंग सांगितला. तिचा पहिला प्रश्न, "मग जोहराला शिकायला मिळालं का?" त्या प्रश्नावर आमच्याकडे रात्री बराच वेळ बोलणं झालं. अश्विनीताई, मुलींनाही बोलतं करायचं असेल तर हा घ्या.

वाशीचा_जुना_पूल

मुलगी हुशार आहे हो. तिलाच पाहुणी म्हणून बोलवा.

तलावपाळी_मास्तर

मी ठाण्यात शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. शिक्षक म्हणून माझं मत शिवसुब्रह्मण्य अय्यरांना. रामेश्वरमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. त्यांचे दोन प्रसंग आहेत.

पहिला पक्ष्यांचा. त्यांनी फळ्यावर पक्षी काढला आणि पंख, शेपूट, उडणं, वळणं सगळं समजावलं. शेवटी विचारलं, "कळलं का?" कलाम उठून म्हणाले, नाही कळलं. बाकीची पोरंही तेच म्हणाली. अय्यर रागावले नाहीत. संध्याकाळी अख्खा वर्ग समुद्रावर नेला आणि उडणारे पक्षी दाखवून सांगितलं, आता बघा, पंख कधी हलवतो, शेपूट कधी वळवतो. विमानविद्येकडे वळण्याचं मूळ कलामांनी त्या संध्याकाळीच शोधलं आहे. ज्या वर्गात 'कळलं नाही' म्हणायला भीती वाटत नाही, तो वर्ग किती मोलाचा, हे आयुष्यभर खडू धरलेल्या माणसाला विचारा.

दुसरा जेवणाचा. अय्यर कर्मठ घरातले. त्यांनी या मुसलमान विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलावलं. बायकोने स्वयंपाकघरात त्याला वाढायला नकार दिला. अय्यर तिच्याशी भांडले नाहीत. स्वतः वाढलं आणि पोराच्या शेजारी बसून जेवले. निघताना म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत ये. पोरगा बिचकत गेला. या वेळी बाईंनीच आत बोलावून आपल्या हाताने वाढलं.

या दुसऱ्या प्रसंगावर मुलांसमोर व्याख्यान देऊ नका. फक्त सांगा आणि गप्प बसा. प्रश्न आपोआप येतात.

कौसा_कोकणी

मास्तरांचं वाचून बरं वाटलं. आम्ही मूळचे दापोलीकडचे कोकणी मुसलमान, दोन पिढ्या मुंब्र्यात. माझ्या मुलाच्या शाळेत कलामांची गोष्ट होते तेव्हा वीणा, गीता आणि शाकाहार आवर्जून येतो. ते खरंच आहे आणि चांगलंच आहे. पण वडील इमाम होते हे बहुतेक वेळा गळतं. जैनुलाबदीन पहाटे चारला उठायचे, नमाज पढायचे, मग चारेक मैल चालत बागेत जाऊन डझनभर नारळ खांद्यावर टाकून परत यायचे आणि मगच न्याहारी करायचे. साठी उलटल्यावरही. त्यांचे जिवलग मित्र होते पक्षी लक्ष्मण शास्त्री, रामेश्वरमच्या मंदिराचे मुख्य पुजारी. दोघं आपापल्या वेशात बसून अध्यात्मावर बोलत.

शाळेत एका नव्या शिक्षकाने कलामांना पुजाऱ्याच्या मुलाशेजारून उठवून मागच्या बाकावर बसवलं. तेव्हा शास्त्रींनी त्या शिक्षकाला बोलावून खडसावलं, कोवळ्या मनांत हे विष कालवू नका. पुढे तो शिक्षकही बदलला.

माझ्या मुलाला यातला सगळ्यात जास्त कोण आवडतो माहितेय? शास्त्रींचा मुलगा. मित्र उठून मागे गेला तेव्हा रडवेला झालेला. कलाम तर मोठे झालेच, पण तो शेजारचा मुलगाही सांगा.

नेरुळची_अश्विनी

कौसाभाई, हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. मनापासून आभार.

मास्तर, समुद्रावरच्या वर्गाचा मी विचारही केला नव्हता. आपल्याकडे तर दारात खाडी आहे.

रबाळे_लेथवाला

माझं वर्कशॉप रबाळे एमआयडीसीत आहे, व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवतो. त्यामुळे मी १० ऑगस्ट १९७९ सोडून दुसरं काही सांगूच शकत नाही.

एसएलव्ही-३. उपग्रह कक्षेत सोडणारं चार टप्प्यांचं, १७ टनांचं रॉकेट. प्रकल्प संचालक कलाम. सकाळी आठच्या जरा आधी श्रीहरिकोट्याहून उडालं. पहिला टप्पा उत्तम चालला, दुसऱ्यात ताबा सुटला आणि ३१७ सेकंदांत सगळं बंगालच्या उपसागरात. सात वर्षांचं काम पाण्यात. नंतरच्या तपासात सापडलेलं कारण ऐका. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या इशाऱ्याने उघडणारा-मिटणारा. उड्डाणाच्या आठ मिनिटं आधी पहिली आज्ञा गेली, व्हॉल्व्ह उघडला आणि आत घाण अडकल्यामुळे परत मिटलाच नाही. रेड फ्युमिंग नायट्रिक ॲसिड, म्हणजे इंधन जळायला लागणारं ऑक्सिडायझर, गळून गेलं. दिशा सावरायला जोर लागला तेव्हा नुसतं इंधन आलं, ऑक्सिडायझर नाही, म्हणून जोर शून्य.

आमच्याकडे नवीन पोरगा कामाला लागला की मी त्याच्या हातात व्हॉल्व्हची सीट आणि तिच्यावर दाबून बसणारा प्लंजर देतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यावर डोळ्याला न दिसणारा बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धातूची बारीक कड, राहिला तरी व्हॉल्व्ह गळतो. म्हणून फायलिंग झाल्यावर भाग धुवायचा, हवा मारायची, भिंगाखाली बघायचा, परत धुवायचा. पोरं कंटाळतात. मग मी त्यांना हे रॉकेट सांगतो. त्यानंतर कुणी कंटाळत नाही.

अश्विनीताई, हवं असेल तर सीट-प्लंजरचा एक जोड मुलांना हातात घेऊन बघायला पाठवतो. नेरुळ मला वाटेवरच आहे.

घणसोली_सेक्टर_नऊ

लेथवाले, क्या बात! आणि अजून एक गोष्ट जोडा. त्या दिवशी कॉम्प्युटरने उलटी गिनती थांबवली होती. तज्ज्ञांनी आकडे पाहून सांगितलं की गळती असली तरी साठा पुरेसा आहे, आणि कलामांनी कॉम्प्युटरला बाजूला ठेवून उड्डाण केलं. निर्णय त्यांचा होता, हे त्यांनी नंतर किती व्यासपीठांवरून स्वतः सांगितलं! पत्रकार परिषदेला मात्र त्यांना पुढे केलं नाही. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी घेतली, माझ्या माणसांवर माझा विश्वास आहे म्हणाले. १८ जुलै १९८० ला दुसरं एसएलव्ही-३ यशस्वी झालं, ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा धवनांनी कलामांना सांगितलं, आज पत्रकारांसमोर तू जा.

मीनल_घोडबंदर

हा धवनांचा किस्सा मॅनेजमेंटच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकलाय. तरी दर वेळी अंगावर काटा येतोच.

तुर्भे_मार्केट

ट्रेनिंग देणारेही अपयशाच्या वेळी पुढे बसतात का, ते विचारा एकदा 😄

ट्रॉम्बे_निवृत्त

धवन सगळ्यांना माहीत आहेत. त्याच दिवसाची दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, आणि माझं मत त्या गोष्टीला.

रॉकेट पडल्यावर कलाम इतके थकले होते की खोलीत जाऊन झोपले. दुपार बरीच कलल्यावर खांद्यावर कुणाचा तरी हात जाणवला. ब्रह्मप्रकाश पलंगाशी बसले होते. म्हणाले, जेवायला जायचं का? कलामांना आठवलं की आपण सकाळपासून जेवलेलोच नाही. दोघं जेवले. पूर्ण जेवण होईपर्यंत ब्रह्मप्रकाशांनी रॉकेटचा 'र' काढला नाही.

हे ब्रह्मप्रकाश कोण? धातुशास्त्रज्ञ. आमच्या ट्रॉम्बेत धातुशास्त्र विभाग त्यांनी उभा केला, मग हैदराबादचं अणुइंधन संकुल उभारलं, आणि १९७२ मध्ये तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे पहिले संचालक झाले. मी नोकरीला लागलो तेव्हा ते ट्रॉम्बेतून गेलेले होते, पण जुने फोरमन त्यांचं नाव काढताना आवाज खाली आणायचे. धवनांनी जगासमोर पाठीशी उभं राहून दाखवलं. ब्रह्मप्रकाशांनी कुणी बघत नसताना जेवू घातलं. नापास होऊन घरी आलेल्या मुलाला यातलं दुसरं जास्त लागतं. म्हणून तुमच्या कार्यक्रमात मागच्या खुर्च्यांवर पालक बसणार असतील तर हा प्रसंग सांगाच.

आणि मराठी मुलांना वसंत गोवारीकरांचं नाव माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. १९८० ला एसएलव्ही-३ यशस्वी झालं तेव्हा त्या केंद्राचे संचालक गोवारीकर होते. घन इंधनावर केरळातल्या थुंब्यात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. २०१५ च्या जानेवारीत गोवारीकर गेले आणि जुलैत कलाम.

पनवेल_चुंबकसुई

थुंब्याचं नाव निघालंच आहे म्हणून जरा आडवाटेला जातो. रॉकेट सोडायला थुंबाच का? कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जातं. तिथे वर साधारण शंभरेक किलोमीटरवर दिवसा विजेचा एक अरुंद प्रवाह वाहतो, इक्वेटोरियल इलेक्ट्रोजेट. तो फुगे पोचतात त्याच्या वर आणि उपग्रह फिरतात त्याच्या खाली, म्हणून मोजायला साउंडिंग रॉकेटच लागतं, म्हणजे वर जाऊन मोजमाप करून खाली पडणारं छोटं रॉकेट. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट, नाइके-अपाचे, तिथून उडालं. मच्छीमारांचं गाव, सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च हे ऑफिस, बिशपचं घर हे वर्कशॉप. गावकऱ्यांनी देवाचं घर विज्ञानाला दिलं.

आणि हे सगळं आपल्यापासून लांब नाही. भूचुंबकत्वाची राष्ट्रीय संस्था आपल्या नवीन पनवेलला आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापात गोंधळ होईल, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. अलिबागला वीकेंडला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

वाशीचा_जुना_पूल

मला नव्हतं माहीत. मी तर फक्त पांढऱ्या कांद्यासाठी जातो.

तुर्भे_मार्केट

कांद्याचा विषय निघाला की मी आलोच. पण धागा कलामांचा आहे, राहू दे.

सीबीडी_वकील

सगळे रॉकेटवर थांबलेत. अश्विनीताईंनी राष्ट्रपती भवनापर्यंतची मधली वर्षं मागितली होती, मान्य. पण १२ ते १४ ची मुलं असतील तर राष्ट्रपती म्हणून घेतलेले कठीण निर्णयही सांगायला हवेत. २५ जुलै २००२ ते २५ जुलै २००७ ही पाच वर्षं म्हणजे नुसतं मुलांशी गप्पा आणि बागेत फेरफटका नव्हता.

२००६ मध्ये लाभाच्या पदाबाबतचं (खासदारांनी सरकारी फायद्याचं दुसरं पद घेण्याबाबतचं) विधेयक त्यांनी संसदेकडे फेरविचारासाठी परत पाठवलं. राष्ट्रपतीला तसं एकदा करता येतं. संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर सही करावीच लागते, आणि त्यांनी केली. म्हणजे आक्षेप नोंदवला आणि घटनाही पाळली.

त्याआधी मे २००५ मध्ये बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस आली तेव्हा ते मॉस्कोत होते. तिथूनच मध्यरात्री सही केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा आपण राजीनाम्याचा विचार केला होता, असं त्यांनी नंतर लिहिलं. त्या सहीवर टीका झाली आणि ती योग्य होती असं माझं मत आहे. त्या रात्री फाइल थांबवायला हवी होती. मोठ्या माणसाबद्दल एवढं सांगितलं तर मुलांचा आदर कमी होत नाही. उलट सहीला किती वजन असतं ते कळतं.

तलावपाळी_मास्तर

वकीलसाहेब, आठ वर्षांच्या मुलाला लाभाचं पद? माझे दहावीचे विद्यार्थी नागरिकशास्त्राच्या तासाला झोपायचे.

सीबीडी_वकील

मास्तर, मोठ्यांसाठी म्हणतोय. लहानांना नातेवाइकांची गोष्ट सांगा. २००६ मध्ये रामेश्वरमहून पन्नासेक नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहायला आले. त्यांचं राहणं, जेवण, चहाच्या कपापर्यंत हिशेब ठेवायला लावला आणि साडेतीन लाखांहून जास्त रकमेचा चेक स्वतःच्या खात्यातून दिला. सरकारी गाडी वापरली नाही. घर कुणाचं आणि राहतो कोण, हा फरक सात वर्षांच्या मुलालाही कळतो.

पाचपाखाडी_फिजिओ

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. इतके प्रतिसाद आले, पण माझा आवडता प्रसंग अजून कुणीच काढला नाही.

अग्नी क्षेपणास्त्रासाठी त्यांच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत अतिशय हलकं आणि मजबूत संमिश्र साहित्य तयार होत होतं. एक दिवस निझाम्स इन्स्टिट्यूटमधले एक अस्थिरोगतज्ज्ञ तिथे आले. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन वजन पाहिलं आणि कलामांना थेट आपल्या वॉर्डात नेलं. तिथे पोलिओ झालेली मुलं पायात तीन किलोहून जड कॅलिपर घालून पाय ओढत चालत होती. डॉक्टर म्हणाले, माझ्या पेशंटचं दुखणं घालवा. तीन आठवड्यांत ३०० ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. मुलं पळायला लागली. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आनंदांमध्ये कलामांनी हा मोजला आहे.

माझ्याकडे जुन्या पद्धतीचा एक कॅलिपर आहे. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याला कुलूप, खाली जोडलेला जाड तळाचा बूट. गुडघा वाकवायचा तर आधी हाताने कुलूप सोडायचं. आजच्या मुलांनी हे बघितलेलंच नाही, कारण आपल्या देशातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. कार्यक्रमात हा कॅलिपर एका मुलाच्या हातात द्या आणि दुसऱ्याच्या हातात ३०० ग्रॅमची साखरेची पिशवी. पुढचं भाषण करावं लागणार नाही. मी स्वतः घेऊन येते, रविवारी दवाखाना बंदच असतो.

कौसा_कोकणी

ताई, हे वाचून गप्प झालो. माझ्या मामाच्या पायात तोच कॅलिपर होता. लग्नाच्या मांडवात तो येतोय हे आवाजावरून कळायचं.

रबाळे_लेथवाला

फिजिओताई, माझा जोड आणि तुमचा कॅलिपर एकाच टेबलावर ठेवू. एक फसलेलं, एक साधलेलं.

इयत्ता_नववी_अ

आईच्या आयडीवरून लिहितोय. मी ऐरोलीला राहतो. तुम्ही सगळे मोठे आहात, पण मुलांना काय आवडेल ते मुलांनाही विचारा ना.

मला डेहराडूनचं आवडतं. त्यांना फायटर पायलट व्हायचं होतं. हवाई दलाच्या निवडीला २५ जण होते, आठ घेणार होते आणि ते नववे आले. मला स्कॉलरशिपमध्ये असंच थोडक्यात राहिलं तेव्हा सगळे म्हणाले "काही होत नाही". पण होतं ना! त्यांनाही खूप वाईट वाटलं होतं. ते ऋषिकेशला गेले, गंगेत आंघोळ केली, स्वामी शिवानंदांना भेटले आणि मग दिल्लीला जाऊन दुसरी नोकरी घेतली. आणि नंतर ८ जून २००६ ला राष्ट्रपती असताना पुण्याच्या लोहगावहून सुखोई-३० मध्ये उडाले. ७४ वर्षांचे असताना! को-पायलटच्या सीटवर बसून.

प्लीज भाषण स्पर्धा ठेवू नका. आम्ही पाठ करतो आणि विसरतो.

मीनल_घोडबंदर

या मुलाला आईने स्वतःची आयडी काढून द्यावी.

नेरुळची_अश्विनी

नववी अ, भाषण स्पर्धा रद्द. शब्द दिला.

दिघा_ते_दिवा

सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच आलं, "१५ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला जागतिक विद्यार्थी दिन". बॅनरवर तेही टाका.

सीबीडी_वकील

नका टाकू. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत दिवसांच्या यादीत असा दिवस नाही. वाचन प्रेरणा दिन मात्र खरा आहे, आपल्या राज्याचाच आहे, तेवढा पुरे. तीच गोष्ट कलामांच्या फोटोखालच्या सुविचारांची. कुणाचीही वाक्यं त्यांच्या नावावर फिरतात. वाचनाच्या दिवशी तरी पुस्तकात सापडेल तेवढंच लावावं.

ऐरोली_पाणपक्षी

उशिरा आलो. मास्तरांचा समुद्रावरचा वर्ग आणि अश्विनीताईंचं "दारात खाडी आहे" वाचून राहवलं नाही. हे नक्की करा!

ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) जाहीर झालं, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पण ऑक्टोबरच्या मध्यात रोहितांच्या भरवशावर राहू नका, थवे साधारण त्यानंतर येतात. उड्डाण शिकायला त्यांची गरजही नाही. नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती चालायचा चांगला रस्ता आहे, लहान मुलांना सुरक्षित. सकाळी सातला गेलात तर बगळे, ढोकऱ्या, शेकाट्या दिसतील. आणि डोक्यावर घारी.

घार दाखवा. ती पंख फारसे हलवत नाही, त्यामुळे मुलांना बाकीचं बघायला वेळ मिळतो. शेपूट दुभंगलेली असते. वळायच्या क्षणाला ती शेपूट तिरकी करते, एक टोक वर, एक खाली, आणि मग सगळं शरीर वळतं. अय्यर सरांनी फळ्यावर जे समजावलं ते मिनिटभरात उघड्या डोळ्यांनी दिसतं. मग बगळा उठताना दाखवा, किती जोरात पंख मारावे लागतात. मग विचारा, विमान यातलं काय करतं?

माझ्याकडे दोन दुर्बिणी आहेत. अजून कुणाकडे?

घणसोली_सेक्टर_नऊ

एक माझ्याकडे. आणि मी बाल्साच्या हलक्या लाकडाचं छोटं ग्लायडर आणतो, त्याच्या शेपटीचा पत्रा वाकवून वळवून दाखवता येतं. 'शास्त्रज्ञ की इंजिनिअर' हा वाद मी इथेच सोडतो, मुलांना दोन्ही दिसेल.

ट्रॉम्बे_निवृत्त

मी ब्रह्मप्रकाशांचं जेवण सांगायला येतो, बोलावलंत तर. दहा मिनिटांत संपवतो. आणि शेवटचं एक. २७ जुलै २०१५ ला गुवाहाटीहून शिलाँगला जाताना कलामांच्या ताफ्यातल्या पुढच्या उघड्या जीपवर एक जवान दोन-अडीच तास उभा होता. कलाम सारखे सांगत होते, त्याला बसायला सांगा. शिलाँगला उतरल्यावर त्याला शोधून काढला, हात हातात घेतला, दमलास का, काही खाणार का, विचारलं. त्यानंतर काही वेळातच व्याख्यान देताना ते कोसळले. ज्या माणसाला १९७९ मध्ये कुणी जेवायला उठवलं होतं, तो शेवटच्या दिवशीही कुणी उपाशी-दमलेलं नाही ना, हेच बघत होता. हे दोन्ही मी सलग सांगेन.

तलावपाळी_मास्तर

तुमच्यानंतर मला बोलायला लावू नका. मी पहाटेच्या गाडीने ठाण्याहून नेरुळला येईन आणि मुलांबरोबर घारी बघेन.

नेरुळची_अश्विनी

तर असं ठरवतेय. सकाळी सातला तलावावर, घारी आणि बगळे, ऐरोलीकर आणि मास्तर. साडेआठला क्लब हाऊसमध्ये पोहे. मग टेबलावर व्हॉल्व्हचा जोड, कॅलिपर आणि साखरेची पिशवी, मुलांनी हातात घेऊन बघायचं. ट्रॉम्बेकाकांचं जेवण आणि जवान. जोहराची गोष्ट मी सांगेन आणि मीनलताईंच्या लेकीचा प्रश्न तसाच मुलांपुढे ठेवेन. शास्त्रींचा मुलगा कौसाभाईंनी सांगावा, मुलालाही आणा. वकीलसाहेब, मोठ्या मुलांसाठी शेवटची पंधरा मिनिटं तुमची. सही आणि फाइल. वाचनाचा दिवस आहे म्हणून प्रत्येक मुलाने जाताना ग्रंथालयातलं एक पुस्तक घरी न्यायचं, कुठलंही, आणि महिन्याने परत आणताना त्यातलं जे कळलं नाही ते सांगायचं.

भाषण नाही, कलामांसारख्या केसांचा टोप नाही, बॅनर नाही.

इयत्ता_नववी_अ

मी ऐरोलीहून येऊ शकतो का? सोसायटीचा नाही मी.

नेरुळची_अश्विनी

यायचंच. आईलाही घेऊन ये. आणि डेहराडून तू सांगणार आहेस.

तुर्भे_मार्केट

पोह्यांचे कांदे माझ्याकडून. किती किलो, तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा.

वाशीचा_जुना_पूल

पांढरे पाठवा.

ऐरोली_पाणपक्षी

मुलांना टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या सांगा, ऑक्टोबरचं ऊन आठनंतर चढतं. दुर्बिणी झाल्या तीन, अजून दोन मिळाल्या तर बरं.